नक्खत्त आणि नक्षत्र : एका शब्दाचा अर्थविचार

आषाढ पौर्णिमेच्या दिवशी जिंतूर तालुक्यातील एका गावच्या विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनास प्रारंभ झाला. प्रस्तुत लेखकाकडे दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्ताचे विवेचन सोपविलेले होते. विवेचन आटोपल्यावर पुढच्या रांगेतील एक वयोवृद्ध उपासक उठून उभे राहिले. "जयभीम, सर. तुम्ही आत्ता सांगितलं की नक्षत्र सांगून पोट भरणं भगवंतांनी वाईट म्हटलं. मग आम्ही मिरगात पेरतो, ते चुकतं का? मिरगबी नक्षत्रच हाय की." त्यांच्या मागे बसलेल्या एका पदवीधर तरुणाने परस्पर उत्तर दिले, "आबा, तो शब्दच सोडून द्या. सात जून म्हणा." सभेत हशा पिकला, परंतु आबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या प्रश्नाचे उत्तर तेथे अर्ध्या घटकेत जेवढे देता आले तेवढे दिले. येथे ते काहीसे विस्ताराने मांडीत आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. संस्कृत 'नक्षत्र' हा शब्द पालीत 'नक्खत्त' असा येतो. 'भिक्षु'चा 'भिक्खु' होतो, 'पुत्र'चा 'पुत्त' होतो, त्याच नियमाने 'क्ष'चा 'क्ख' आणि 'त्र'चा 'त्त' झाला आहे. मूळ व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. यास्काने निरुक्तात तो 'नक्ष्' म्हणजे जाणे, पोहोचणे या धातूशी जोडला. काही आधुनिक भाषाशास्त्रज्ञांनी त्यात रात्रवाचक 'नक्त' शब्द पाहिला. ऋग्वेदात हा शब्द कोणत्याही ताऱ्याला, क्वचित सूर्यालाही, लावलेला आढळतो. पुढे मात्र त्याचा अर्थ निश्चित झाला. चंद्र आकाशाची एक फेरी सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत पुरी करतो. त्याच्या मार्गाचे २७ भाग कल्पून प्रत्येक भागाला तेथील ठळक तारकेचे अथवा तारकापुंजाचे नाव दिले. चंद्राच्या वाटेवरील हे २७ मुक्काम म्हणजे नक्षत्रे होत. एकेक मुक्काम १३ अंश २० कलांचा. अभिजित धरून २८ मोजण्याचीही जुनी परंपरा आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. प्रत्येक नक्षत्रात तारे असतात. पण प्रत्येक तारा नक्षत्रात नसतो. पाली ग्रंथकार हा भेद बहुधा पाळतात. केवळ चमकणारा तारा सांगायचा असेल तेव्हा 'तारका' हा शब्द येतो. इतिवुत्तकात मैत्रीभावनेची थोरवी सांगताना, सर्व तारकांचा प्रकाश चंद्रप्रकाशाच्या सोळाव्या हिश्श्याचीही बरोबरी करीत नाही असा दृष्टान्त आहे. तेथे शब्द तारकेचा आहे, नक्खत्ताचा नाही. आज मराठी वृत्तपत्रे आकाशातील कोणत्याही तारकासमूहाला सरसकट 'नक्षत्र' म्हणतात. खगोलशास्त्राने १९२२ साली ८८ तारकासमूह मान्य केले. त्यांतील बहुसंख्य समूहांतून चंद्र कधी जातच नाही. त्यांना नक्षत्र म्हणणे सैलपणाचे आहे.

पालीत 'नक्खत्त' शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मराठीत आला नाही. तो म्हणजे उत्सव. जातकट्ठकथेत वारंवार 'नक्खत्त घोषित झाले' आणि लोक 'नक्खत्त खेळू लागले' असे म्हटलेले असते. विद्यार्थी प्रारंभी याचे शब्दशः भाषांतर करतात आणि वाराणसीचे नागरिक आकाशातील तारे खेळताना दाखवितात! वस्तुतः अमुक नक्षत्री चंद्र आला म्हणजे अमुक उत्सव, या रूढीमुळे काळदर्शक शब्दच उत्सवाचा वाचक झाला. मराठीत 'दसरा' म्हणताच तिथी आणि सण दोन्ही मनात येतात, तसेच हे. पुप्फरत्त जातकात कार्तिकोत्सवासाठी पत्नीला कुसुंबी रंगाचे वस्त्र हवे असते. ते रंगविण्यासाठी फुले चोरणारा दरिद्री पती पकडला जातो आणि सुळावर चढतो. मरतानाही त्याला खंत असते ती पत्नीचा उत्सव हुकल्याची. त्या कथेतील नक्खत्ताशी फलज्योतिषाचा काही संबंध नाही.

आपल्या महिन्यांची नावे याच शब्दकुलातील आहेत. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्री अथवा त्याच्या आसपास असतो त्यावरून महिना ओळखला जातो : चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, कृत्तिकेवरून कार्तिक, मघांवरून माघ. बुद्ध पौर्णिमेला सिंहलात 'वेसाक्' म्हणतात तो हाच शब्द. धम्मचक्कप्पवत्तनाची पौर्णिमा आसाळ्हाची. निदानकथेत सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची रात्र सांगताना उत्तरासाळ्ह नक्खत्ताचा स्पष्ट निर्देश आहे. माणसांची नावेही अशीच ठेवीत. तिस्स, फुस्स, रेवत, विसाखा, रोहिणी ही सर्व नक्षत्रनावे आहेत. सम्राट अशोकाने कलिंगातील स्वतंत्र शिलालेखांत आज्ञा केली की, हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा. आणि पाचव्या स्तंभलेखात तिष्य व पुनर्वसू या दिवशी बैलांचे खच्चीकरण करू नये, घोड्याबैलांना डाग देऊ नये असे फर्माविले. तिष्य म्हणजे पुष्य. ज्या काळी छापील दिनदर्शिका नव्हती त्या काळी राज्यभर एकच दिवस ठरविण्याचा हा व्यवहार्य उपाय होता.

तेव्हा आबांच्या मागे बसलेल्या तरुणाला माझे पहिले सांगणे असे की, हा शब्द टाकावयाचा झाल्यास वैशाखही टाकावा लागेल आणि आषाढही.

आता विनयपिटकाकडे वळू. कारण या विषयाचा गाभा तेथे आहे. चुल्लवग्गातील वत्तक्खन्धकात अरण्यवासी भिक्खूंची एक घटना नोंदविली आहे. हे भिक्खू पिण्याचे पाणी भरून ठेवीत नसत, हातपाय धुण्याचे पाणी ठेवीत नसत, अग्नीची सोय करीत नसत. त्यांना नक्षत्रे ठाऊक नव्हती आणि दिशाही ठाऊक नव्हत्या. चोर आले. त्यांनी पाणी मागितले, नाही. अग्नी मागितला, नाही. आज चंद्र कोणत्या नक्षत्राशी युक्त आहे, असे विचारले, माहीत नाही. ही दिशा कोणती? तीही माहीत नाही. चोरांनी निष्कर्ष काढला की हे भिक्खू नव्हेत, हेच चोर असावेत. आणि त्यांना मारहाण करून ते निघून गेले. हे वृत्त ऐकून तथागतांनी अरण्यवासी भिक्खूंसाठी व्रत घालून दिले. त्यात पाणी, अग्नी, काठी यांच्या बरोबरीने असे सांगितले आहे की नक्षत्रपदे शिकून घ्यावीत, सगळी किंवा काही तरी, आणि दिशांविषयी कुशल असावे.

हा प्रसंग आपल्या लोकांत फारसा सांगितला जात नाही. नक्षत्रज्ञान येथे केवळ सहन केलेले नाही, ते कर्तव्य म्हणून घालून दिले आहे. त्याचे स्थानही पाहण्याजोगे आहे : ते पाण्याच्या घड्याशेजारी ठेवले आहे. रानात राहणाऱ्याला आजचा दिवस कोणता, रात्री चंद्र केव्हा उगवेल, उपोसथाला किती दिवस उरले, हे आकाशाखेरीज कोण सांगणार? महावग्गातही असाच प्रसंग आहे. भिक्षाटनास गेलेल्या भिक्खूंना लोकांनी विचारले, भन्ते, आज पक्षाची कितवी तिथी? भिक्खूंना सांगता येईना. साधी पक्षगणना ज्यांना येत नाही त्यांना दुसरे काय चांगले येणार, अशी टीका लोक करू लागले. तेव्हा भगवंतांनी सर्वांनीच पक्षगणना शिकावी अशी अनुज्ञा दिली.

मग ब्रह्मजाल सुत्तात निषेध कशाचा आहे? महाशील या विभागात चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, नक्षत्राला ग्रहण लागेल, उल्कापात होईल आणि त्याचे फळ अमुक मिळेल, असे सांगून जगणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांचा उल्लेख आहे. त्याच विभागात विवाहाचे योग सांगणारेही आहेत. अट्ठकथा त्याचे स्पष्टीकरण करते की अमुक कुळातील मुलगी अमुक नक्षत्रावर आणा, असे सांगणे. या सर्वांना दोन शब्द लावले आहेत : तिरच्छानविज्जा आणि मिच्छाजीव. दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. आक्षेप मुख्यतः उपजीविकेवर आहे. ज्याला आपण भविष्य म्हणतो ते अज्ञानी माणसाच्या भीतीवर चालणारे दुकान आहे, आणि भिक्खूने त्या दुकानात बसू नये.

संयुत्तनिकायातील सूचिमुखी सुत्तात हे फार मार्मिकपणे येते. सूचिमुखी नावाच्या परिव्राजिकेने स्थविर सारिपुत्तांना विचारले की आपण खाली तोंड करून जेवता काय, वर तोंड करून जेवता काय? प्रत्येकाला त्यांनी नकार दिला आणि मग उलगडा केला : वास्तुविद्येवर जगणारे अधोमुख जेवतात, नक्खत्तविज्जेवर जगणारे ऊर्ध्वमुख जेवतात, मी यांपैकी कोणत्याच रीतीने जेवत नाही, धर्मानुसार भिक्षा मिळवून जेवतो. एकाच वाक्यात वास्तू आणि भविष्य या दोन्ही धंद्यांचा निकाल लागला आहे. आज नव्या घराचे दार कोणत्या दिशेला असावे हे विचारीत फिरणाऱ्या आमच्या काही सुशिक्षित बांधवांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

नक्खत्त जातकाची कथा बहुतेक वाचकांना परिचित असेल. नगरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलगी मुलासाठी ठरविली, दिवसही ठरविला, आणि मग कुलोपग आजीवकाला विचारले की आज नक्षत्र शुभ आहे काय. आपल्याला आधी विचारले नाही याचा त्याला राग आला. सूड म्हणून त्याने सांगितले, आज नक्षत्र वाईट आहे. वरपक्ष गेला नाही. खेड्यातील लोकांनी दिवसभर वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या मुलाला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी वरपक्ष पोहोचला आणि भांडण जुंपले. बोधिसत्त्वाचा निवाडा असा की, मुलगी मिळणे हेच शुभ नक्षत्र होते. जो तारे पाहत बसला त्याच्या हातून कार्य निसटले. या कथेत ज्योतिषी अज्ञानी नाही, तो दुखावलेला आहे. मला ही बारीक जाण फार मोलाची वाटते.

शब्दाला नवा आशय देण्याची तथागतांची रीत अंगुत्तरनिकायातील पुब्बण्ह सुत्तात दिसते. जो सकाळी, दुपारी, सायंकाळी काया-वाचा-मनाने सदाचरण करतो त्याची ती सकाळ, दुपार, सायंकाळ शुभ होय, असे सांगून त्या वेळेला 'सुनक्खत्त' म्हटले आहे. शब्द लोकांचा, आशय धम्माचा. गोदावरीकाठच्या आपल्या वाचकांना सुत्तनिपातातील बावरीची कथा येथे आठवावी. अस्सक देशात गोधावरीच्या तीरी राहणाऱ्या या वृद्ध ब्राह्मणाला, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील, असा शाप एकाने दिला आणि तो भीतीने खंगला. त्याचे सोळा शिष्य भगवंतांकडे गेले. भगवंतांनी उलगडले की अविद्या हेच मस्तक आणि विद्या हीच ते फोडणारी. शाप शब्दाचा होता. अर्थ कळताच भीती उरली नाही.

बौद्ध परंपरेत सर्वत्र अशीच स्वच्छ दृष्टी राहिली असे मात्र म्हणता येणार नाही. परित्राणपाठाच्या समारोपात पुष्कळ ठिकाणी म्हटल्या जाणाऱ्या एका गाथेत नक्खत्त, यक्ख, भूत आणि पापग्रह यांची बाधा टळो असा भाव आहे. ही गाथा तिपिटकातील नाही, उत्तरकालीन आहे. दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदान तर याहून गुंतागुंतीचे. आनंदांना पाणी देणाऱ्या मातंगकन्या प्रकृतीची कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतल्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. तिच्याच पूर्वजन्माच्या कथेत मातंगराज त्रिशंकू आपल्या मुलासाठी पुष्करसारी ब्राह्मणाची कन्या मागतो, आणि ब्राह्मण हेटाळणी करताच जातिभेदाचे खंडन करतो. पुढे ब्राह्मण त्याच्या विद्येची परीक्षा घेतो, तेव्हा हा चांडाळ म्हणविला गेलेला राजा कृत्तिकेपासून प्रारंभ करून अठ्ठावीस नक्षत्रे, त्यांतील ताऱ्यांची संख्या, त्यांचे आकार सारे सांगतो. आकाशाचे ज्ञान ही कोणा एका वर्णाची मिरास नाही, हे येथे ठणकावून मांडले आहे. मात्र त्याच ग्रंथात अमुक नक्षत्री जन्मलेल्याचे फळ अमुक, अशी प्रकरणेही आहेत. त्रिशंकूचा अभिमान बाळगावा. त्याची फलिते तेवढी बाजूला ठेवावीत.

आता आबांच्या मिरगाकडे येऊ. पंचांगात दोन नक्षत्रे असतात आणि त्यांची गल्लत होते. एक रोजचे, म्हणजे चंद्राचे. ते साधारण दिवसाला बदलते. दुसरे सूर्याचे, सूर्य तोच मार्ग वर्षभरात चालतो, म्हणून त्याचा एका नक्षत्रातील मुक्काम साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो. पावसाची नक्षत्रे ही सूर्याची होत. ७ किंवा ८ जूनला सूर्य मृगात येतो, २१-२२ जूनला आर्द्रात, जुलैच्या ५-६ तारखेला पुनर्वसूत, ज्याला आपला शेतकरी 'तरणा' म्हणतो. त्यानंतर पुष्य, म्हणजे 'म्हातारा'. विहारात आम्ही बसलो होतो त्या दिवशी सूर्य पुनर्वसूत होता आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोर, आषाढांच्या प्रदेशात. 'आज कोणते नक्षत्र?' या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे होती. आणखी एक गंमत अशी की, सूर्य मृगात असताना मृगाचे तारे त्याच्या तेजात बुडालेले असतात. मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही. दिसतात ते शेतातले मखमली लाल किडे.

मृग पाऊस आणतो काय? पृथ्वीच्या आसाच्या मंद डोलण्यामुळे नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. अडीच हजार वर्षांत हा फरक सुमारे पस्तीस दिवसांचा होतो. म्हणजे भगवान बुद्धांच्या काळी सूर्य मृगात येई तेव्हा मेच्या आरंभाचे ऊन असे. तारे तेच, मृग तोच, पण पाऊस नव्हता. मृग ही केवळ तारीख आहे, आणि आबा तिचा उपयोग तारीख म्हणूनच करीत असतील तर त्यात धम्माला बाधा येत नाही. जून शब्द रोमन देवतेवरून आला असे म्हणतात. त्यामुळे सात जून म्हणणारा कोणी रोमन देवतेचा उपासक होत नाही.

बाधा पुढे येते. नक्षत्राचे वाहन म्हैस आहे की कोल्हा, यावरून पाऊस ठरविला जातो. हे वाहन निघते कसे? सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून त्या दिवशीच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावयाचे, नऊने भागावयाचे, आणि बाकी उरेल त्यावरून घोडा, बेडूक, मोर, गाढव इत्यादी ठरवावयाचे. या भागाकारात ढग नाही, वारा नाही, समुद्र नाही. तीच गत मृगाच्या मुहूर्तावर कोरड्या रानात चाड्यावर मूठ धरण्याची. पहिला शिडकावा होतो, बी फुगते, पुढे पंधरवडा ओढ बसते आणि दुबार पेरणी कपाळी येते. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी दुबार पेरणी म्हणजे सावकाराचे दार. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका, हा त्याचा सल्ला शेतकऱ्यांना परिचित आहे. आबांना मी एवढेच विचारले की, मिरग लागला आणि ओल नसली तर काय करता? ते म्हणाले, "थांबतो. वाफसा आल्याबिगर तिफण कोण धरल?" म्हणजे ते नक्षत्र पाहत होते, पण पेरीत होते ओल पाहूनच. चुल्लवग्गातील भिक्खूंना जे शिकावयास सांगितले ते हेच.

खरी चिंता वेगळीच आहे आणि ती शेतात नाही, शहरातील दिवाणखान्यात आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचा विवाह ठरत आला होता. दोन्ही घरे बौद्ध, दोन्हीकडे शिकलेली माणसे, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. संगणकावर पत्रिका काढली गेली. मुलीचे जन्मनक्षत्र विशाखा निघाले, आणि मुलाला धाकटा भाऊ होता. मूळ सासऱ्याला, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला आणि विशाखा धाकट्या दिराला वाईट, ही पंचांगातील रूढी. बोलणी थांबली. कारण उघडपणे सांगितले गेले नाही. ते नंतर कळले. ज्या नक्षत्रावरून आपल्या सर्वांत पवित्र पौर्णिमेच्या महिन्याला नाव मिळाले, त्याच नक्षत्रावर जन्मली म्हणून बौद्ध मुलगी बौद्ध घराने नाकारली. त्या घरी महाउपासिका विसाखेची कथा सांगावीशी वाटली होती. धम्मपदट्ठकथेप्रमाणे तिचा सासरा मिगार निगण्ठांचा अनुयायी होता. सुनेमुळे तो धम्माकडे वळला आणि त्याने तिला मातेचा मान दिला, म्हणून ती मिगारमाता म्हणून प्रसिद्ध झाली. सावत्थीचा पुब्बाराम तिच्याच दानातून उभा राहिला.

ती मुलगी आज पाली विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. यंदाच्या अश्विनात पाऊस उघडल्यावर तिने आणि त्या सभेतील तरुणाने मिळून विहाराच्या गच्चीवर आकाशदर्शनाचा कार्यक्रम योजिला आहे. सत्तावीस नावांचा पाली आणि मराठी तक्ता तयार झाला आहे. कृत्तिका उगवण्याची वेळ आबा सांगणार आहेत; ती त्यांना घड्याळाशिवाय येते.